जुने कन्सोल काढून टाकायची वेळ आलीये, पण द्यायचा जीव होत नाहीये

चौकट_बटण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पुढच्या महिन्यात बाबा कायमचे आमच्याकडे राहायला येतायत. त्यांना जी खोली द्यायचीये तिच्यातलं एक अख्खं कपाट माझ्या जुन्या गेम्सनी भरलंय. स्लिमवाला पीएस२ (प्लेस्टेशन २), गेमक्यूब, वी, गेमबॉय कलर, गेमबॉय अॅडव्हान्स, एक थ्रीडीएस, कंट्रोलर आणि वायरींचं वेगळं खोकं, आणि गेम्स मोजले तर ७४ निघाले. त्यातले गेल्या पाच वर्षांत खेळले किती, तर तीन. बाबा येतायत याचा मला मनापासून आनंद आहे, खोली त्यांचीच आहे, प्रश्न फक्त या सामानाचा आहे.

दोन आठवडे झाले, रोज संध्याकाळी कपाट उघडते, ठेवायचे आणि द्यायचे असे दोन ढीग करायला घेते आणि तासाभराने सगळं होतं तसं आत ठेवून कपाट लावते. द्यायच्या ढिगात एखादा गेम टाकला की लगेच आठवतं हा कधी मिळाला होता, कुठल्या लेव्हलला अडकलो होतो, कुणी सोडवून दिली होती. मग तो परत दुसऱ्या ढिगात.

सगळ्यात जास्त अडतंय ते पीएस२च्या मेमरी कार्डापाशी. काळं, ८ एमबीचं साधं कार्ड आहे, गेम जिथवर खेळला ती नोंद, म्हणजे सेव्ह, याच्यावर राहते. त्याच्यावर दादाने पांढरी चिकटपट्टी लावून निळ्या पेनाने "दोघांचं" असं लिहिलेलं. पट्टीचे कोपरे आता मळून काळे झालेत आणि "दो" जवळजवळ गेलाय. कन्सोल मूळचा दादाचा. एक कन्सोल, एक कार्ड आणि दिवस वाटून घेतलेले. तो फुटबॉलचं करिअर खेळायचा, सगळ्यात खालच्या लीगमधली टीम वर आणली होती त्याने, आणि एकेका खेळाडूचं नाव बदलून घरच्यांची, मित्रांची नावं दिली होती. गोलकीपर बाबा होते. मी आधी रेसिंगचे गेम्स खेळायचे, मग फायनल फँटसी १० मिळाला आणि कन्सोल जवळपास माझाच झाला, दादाचा फुटबॉलमधला रस त्याच सुमारास संपला होता. ती टीम त्या कार्डावर आहे आणि म्हणून तो कन्सोल मला देववत नाही, कारण कन्सोल गेला तर कार्ड लावणार कशात?

दादाला फोन करून विचारलं, तर म्हणाला "अगं देऊन टाक सगळं, कोण खेळतंय आता". वाईट वाटलं खरंतर. नऊएक वर्षं तो पीएस२ चालू केलेला नाही, आणि आता चालू करून बघायची भीती वाटते, चालला नाही तर?

अजून एक. गेमबॉय अॅडव्हान्समधलं पोकेमॉन रूबी परवा लावलं तर आतली बॅटरी संपलीये असा मेसेज आला. गेमबॉय कलरचं पोकेमॉन गोल्डही आहे, ते लावूनच बघितलं नाही. या सेव्ह गेल्या का? कुणी असं सगळं आवरलंय का, कसं ठरवलंत काय ठेवायचं आणि काय नाही?

पिक्सेलवेडा

ताई, घाई करू नका एवढंच सांगायला आलोय.

मी शिकायला घराबाहेर पडलो तेव्हा माझा एन६४ चार कंट्रोलरसकट एका दुपारीत विकून मोकळा झालो. दहा वर्षांनी तोच कन्सोल, तोच काळपट राखाडी रंग, शोधून परत घेतला. लावला, सगळं तेच होतं, पण कंट्रोलर हातात घेतला आणि मधली स्टिक एकदम घट्ट. त्या कंट्रोलरमध्ये आत प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासतं, भुकटी पडते आणि स्टिक हळूहळू ढिली होत जाते. माझ्या जुन्या कंट्रोलरची इतकी झिजली होती की सोडली तरी नीट मध्ये यायची नाही, किंचित डावीकडे कललेली राहायची, आणि गाडी सरळ न्यायची तर अंगठा सारखा थोडा उजवीकडे रेटून धरावा लागायचा. आता या चांगल्या कंट्रोलरवरही माझा अंगठा आपोआप उजवीकडे रेटतो आणि गाडी भिंतीला जाते.

तोच कन्सोल परत मिळतो, आपण झिजवलेला कंट्रोलर परत मिळत नाही. सगळं ठेवा असं नाही म्हणत, पण जे तुमच्या दोघांच्या हातानं झिजलंय ते देताना दहा वेळा विचार करा.

कोरडा_सेल

पिक्सेलवेडा यांच्याशी अर्धा सहमत. उरलेला अर्धा माझ्याकडून घ्या.

माझ्याकडे पहिला गेमबॉय होता, १९८९ चं मॉडेल, चार पेन्सिल सेलवाला. इतका जीव की मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलात, कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवला. मावसभावाचा मुलगा दोनदा खेळायला मागायला आला होता, दोन्ही वेळा नाही म्हणालो, म्हटलं लहान आहे, पाडेल. अकरा वर्षांनी खोकं उघडलं. सेल काढायचे राहून गेले होते. मागचं झाकण निघता निघेना, आणि निघालं तेव्हा चारही स्प्रिंगांवर निळसर पांढरा खर साचलेला, हात लावला तर एक स्प्रिंग तुटून हातातच आली. गळती पुढे बोर्डापर्यंत गेलेली, तांब्याच्या दोन रेघा पार खाऊन टाकलेल्या.

अल्कलाइन सेलमधून गळतं ते क्षार असतं, म्हणून कापसाला व्हिनेगर लावून पुसलं की खर निघतो, तेवढं केलं, पण मशीन काही उठलं नाही. आणि तो मुलगा आता कॉलेजला आहे, त्याला गेमबॉय नकोय.

नुसतं ठेवलं म्हणजे जपलं असं होत नाही हो. ठेवायचं असेल तर वर्षातून दोनदा बाहेर काढून लावायचं, सेल काढून ठेवायचे, हातातल्या कन्सोलची लिथियम बॅटरी फुगलीये का बघायचं. तेवढं होणार नसेल तर जो खेळेल त्याला द्या, त्याच्याकडे ते जास्त दिवस जगेल.

सोल्डरवाला

रिपेअरिंग हाच माझा व्यवसाय आहे त्यामुळे मी फक्त तांत्रिक बाजूचं बोलतो, ठेवायचं की द्यायचं ते तुमचं तुम्ही.

आधी रूबी. ताई, घाबरू नका, तुमची सेव्ह शाबूत आहे. रूबी, सफायर, एमराल्ड यांच्यात सेव्ह फ्लॅश मेमरीत असते, बॅटरी फक्त घड्याळासाठी. तो मेसेज म्हणजे घड्याळ थांबलं, त्यामुळे लावलेल्या बेरी वाढणार नाहीत, भरती-ओहोटीवर चालणारी गुहा बदलणार नाही, बाकी गेम पूर्ण खेळता येतो.

गोल्डचं मात्र उलटं आहे. तिथे सेव्ह आणि घड्याळ दोन्ही त्याच नाण्याएवढ्या बॅटरीवर, आणि घड्याळ चोवीस तास चालू असल्यामुळे ती त्याआधीच्या पोकेमॉन रेड-ब्लूच्या कार्ट्रिजपेक्षाही लवकर संपते. बहुतेक गोल्डच्या बॅटऱ्या आत्तापर्यंत गेल्यात. पण आधी लावून बघा. कंटिन्यू दिसलं तर त्याच दिवशी काहीतरी हालचाल करा, कारण बॅटरी काढली की सेव्ह गेली. कार्ट्रिज रीडर म्हणून एक छोटं यूएसबी यंत्र मिळतं, त्याने सेव्हची फाइल कॉम्प्युटरवर उतरवायची, मग बॅटरी बदलायची आणि तीच फाइल परत कार्ट्रिजवर चढवायची. बॅटरी पत्र्याच्या पट्ट्यांवर वेल्ड केलेली असते, टॅब लावलेलीच घ्यायची, नुसती चिकटपट्टीने बसवलेली बॅटरी दोन महिन्यांत सरकते. जुन्या गेमबॉयच्या कार्ट्रिजला ३.८ मिमीचा वेगळा स्क्रू असतो, अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला तीन पाकळ्यांचा, साध्या पेचकसने प्रयत्न करू नका, खाचा जातात. आणि कार्ट्रिज चाललं नाही तर फुंकर मारू नका, लहानपणी सगळ्यांनी मारलीये पण तोंडातल्या ओलीने पिना गंजतात. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा, बोळा काळा येईल, पांढरा येईपर्यंत पुसत राहा.

आता रूबीतले पोकेमॉन. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, रूबीतला पोकेमॉन आजही नव्या मशीनपर्यंत नेता येतो, फक्त वाट लांब आहे. डीएस किंवा डीएस लाइट (थ्रीडीएसच्या आधीचं मशीन) लागतो, कारण त्याला खाली अॅडव्हान्सची खाच आहे. त्यात वर डायमंड किंवा पर्ल हा नंतरचा पोकेमॉन गेम आणि खाली रूबी लावायचं, त्या गेममधल्या पाल पार्कमधून एका वेळी सहा पोकेमॉन पुढे येतात, ते परत मागे जात नाहीत. डायमंड पूर्ण खेळून नॅशनल डेक्स (गेममधली पोकेमॉनची मोठी यादी) मिळालेलं असायला हवं. तिथून त्यापुढच्या ब्लॅक किंवा व्हाइट गेममध्ये न्यायला दोन मशीन लागतात, दुसरं म्हणून तुमचा थ्रीडीएस चालतो. मग थ्रीडीएसवर ट्रान्सपोर्टर आणि पोकेमॉन बँक ही दोन अॅप्स, आणि बँकेतून पोकेमॉन होम या नव्या अॅपमध्ये. मुख्य अट अशी, बँक आणि ट्रान्सपोर्टर तुमच्या थ्रीडीएसवर आधीच घेतलेले हवेत, थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान बंद झाल्यामुळे नव्याने घेता येत नाहीत. म्हणून सांगतो, थ्रीडीएस कुणाला द्यायच्या आधी त्याच्यावर काय काय आहे ते नीट बघा. गोल्डमधले पोकेमॉन मूळ कार्ट्रिजमधून असे पुढे नेता येत नाहीत, ते तिथेच राहतात.

कपाट कमी करायचं असेल तर: वीच्या बाजूला झाकण आहे का बघा. असेल तर त्याखाली गेमक्यूबच्या कंट्रोलरच्या चार आणि मेमरी कार्डाच्या दोन खाचा आहेत, म्हणजे तुमचा वी गेमक्यूबच्या छोट्या डिस्क जशाच्या तशा चालवतो आणि गेमक्यूब बिनधास्त देता येईल. तसंच अॅडव्हान्स गेमबॉय कलरची कार्ट्रिज चालवतो. फक्त त्याला इन्फ्रारेड नाही, त्यामुळे गोल्डमधलं इन्फ्रारेडने भेटवस्तू पाठवायचं होत नाही, ते तुम्हाला हवं असेल असं वाटत नाही. एकही गेम न गमावता दोन मशीन गेली.

पीएस२ चालू करून बघा. नऊ वर्षांनी डिस्क वाचायला त्रास देऊ शकतो, लेन्सवर धूळ असते, लेसर म्हातारा होतो, पण मेमरी कार्ड बघायला डिस्क लागतच नाही. नुसता चालू करा, त्याच्याच मेनूतला ब्राउझर उघडा, कार्ड दिसेल. कार्डाच्या सेव्हची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्यायचेही मार्ग आहेत, चालू झाला की सांगा, समजावतो.

चौकट_बटण

सोल्डरवाला, तुमचे किती आभार मानू कळत नाही. रूबीची सेव्ह जिवंत आहे हे वाचून अक्षरशः हायसं वाटलं. गोल्ड आत्ता लावलं. न्यू गेम आणि ऑप्शन एवढंच आलं. गेलं ते. त्यातला माझा टायफ्लोजन नावाचा पोकेमॉन लेव्हल ८१ होता, मी शाळेत असताना.

वीला झाकण आहे!

रात्रपाळी

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. डिस्क आणि कार्ट्रिज द्यायची तर द्या, ती कुणाच्या तरी हातात चालतील. पण वी आणि थ्रीडीएसवर डाउनलोड केलेले गेम्स असतील तर ती मशीन देऊ नका.

वीचं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं. थ्रीडीएस आणि वी यूचं २७ मार्च २०२३ ला, एक्सबॉक्स ३६०चं २९ जुलै २०२४ ला. त्या दुकानांवर असे गेम्स होते जे डिस्कवर कधी आलेच नाहीत. ज्या मशीनवर ते आज आहेत तिथेच ते आहेत, आणि आपण देताना शहाण्यासारखं फॅक्टरी रीसेट मारतो, जे करायलाच हवं, कारण खात्याची माहिती, वायफायचे पासवर्ड सगळं आत असतं. पण त्या एका बटणाबरोबर वीवरचा तो गेमही जातो आणि परत विकत घ्यायला दुकानच उरलेलं नसतं.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास केला होता, अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे कुठेच विकत मिळत नाहीत. शंभरातले तेरा मिळतात. मला हा आकडा वाचल्यापासून कपाट अडगळ वाटेनासं झालंय. माझ्या वीवर असे दोन गेम्स आहेत, खेळून कधीच झालेत, पण मी दर पावसाळा संपला की एकदा लावतो, चालतोय बघतो, पुसून ठेवतो.

वी केवढासा असतो, पुस्तकांच्या ओळीत उभा राहतो. तेवढी जागा निघेल हो बाबांच्या खोलीत.

प्लेअर२_मावशी

मी दिलंय सगळं. तीन वर्षांपूर्वी, बहिणीच्या मुलीला, ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

द्यायच्या आदल्या रात्री मी तुमच्यासारखीच ढीग करत बसले होते. शेवटी एक केलं, वही घेतली आणि प्रत्येक गेमबद्दल दोन-तीन ओळी लिहिल्या, कधी मिळाला, कुणाबरोबर खेळले, कुठे अडकले. चाळीस पानं झाली. काही गेम्सबद्दल लिहायला काहीच सुचेना, फक्त स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला एवढंच आठवत होतं. ते मग विचार न करता गेले, आणि तसे निम्म्याहून जास्त निघाले! मी इतकी वर्षं सगळ्या ढिगाला एकाच मापाने धरून बसले होते. हे करून बघा ताई, फार मदत होते.

भाचीला जो गेमबॉय अॅडव्हान्स दिला तो २००१ चा पहिला, स्क्रीनला आतून लाइट नसलेला. मी सांगायला जाणार होते की उजेडात धर, तेवढ्यात फोन आला म्हणून आत गेले. परत येऊन बघते तर ती खिडकीशी, पाय वर घेऊन, मशीन छातीपाशी तिरकं धरून, मान डावीकडे वाकवून बसलेली. आईचे माझ्या लहानपणीचे फोटो आहेत ना, त्यात मी हुबेहूब अशीच बसलेय. तिला कुणी शिकवलं नव्हतं, त्या स्क्रीनवर काही दिसायचं असेल तर बसायची तीच एक पद्धत आहे.

त्या दिवशी माझं मन निवलं. मी माझ्या सेव्ह पुसल्या नव्हत्या, तिला सांगितलं होतं हव्या तर पूस. तिने एका कार्ट्रिजची पुसली, एकाची ठेवली, त्यातलं घर तिला आवडलं म्हणाली.

हो, एक सांगते, तिला आधी विचारलं होतं हवंय का म्हणून. आपण आपला जीव दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा नाही. नको म्हणाली असती तर दुसरं कुणी शोधलं असतं.

डावा_ट्रिगर

वहीची कल्पना भारी आहे, मावशी.

माझी भर छोटीशी. काहीही करा पण कचऱ्यात टाकू नका, मोडकं असलं तरी. जुन्या बोर्डांवर शिशाचं सोल्डर असतं, लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या, आणि त्याआधी एखाद्या रिपेअरवाल्याला विचारा, मेलेल्या मशीनमधली बटणं, स्क्रीन, स्पीकर दुसरं मशीन उठवायला लागतात.

आणि कशाला कधी किंमत येईल सांगता येत नाही. १९८३ मध्ये अटारी या गेम कंपनीने न खपलेली कार्ट्रिज ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोतल्या अॅलमोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरली होती. २०१४ मध्ये तीच जागा खणून साधारण १३०० कार्ट्रिज बाहेर काढली आणि त्यातलं एक आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मॅन्युअल, नकाशे, मासिकं, हाताने लिहिलेले चीट कोड असतील तर तेही एकदा नजरेखालून घाला. कन्सोल लाखोंनी बनले, कागद मात्र सगळ्यांनी रद्दीत दिलेत.

सोल्डरवाला

बरोबर. मॅन्युअल आणि खोकं असेल तर गेमबरोबरच द्या, वेगळं करू नका. आणि डिस्क कव्हरना रबर बँड लावले असतील तर आजच काढा, रबर वितळून चिकटतं.

ताई, पीएस२ चं काय झालं?

चौकट_बटण

काल रात्री लावला.

आधी वायर सापडेना, मग टीव्हीला जुन्या तीन रंगांच्या पिना लावायची सोयच नाही असं लक्षात आलं, शेजारून कन्व्हर्टर आणला. बटण दाबलं, लाल दिव्याचा हिरवा झाला आणि तो सुरुवातीचा आवाज आला. अंगावर काटा आला. सोल्डरवाला म्हणाले तसं डिस्क न टाकताच ब्राउझर उघडला.

तुम्हाला आठवत असेल, पीएस२ मध्ये प्रत्येक सेव्हचं छोटंसं थ्रीडी चित्र असतं, काळ्या-राखाडी पडद्यावर रांगेत तरंगत असतात. माझ्या फायनल फँटसीच्या सेव्ह होत्या, रेसिंगच्या होत्या, दोन-तीन असे गेम्स जे मी खेळल्याचंही आठवत नाही. फुटबॉलचं काही नव्हतं. मी तीनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत गेले. कार्ड काढून पुसून परत लावलं. नाहीच.

फोटो काढून दादाला पाठवला, खाली लिहिलं की तुझी टीम गेली रे. पाच मिनिटांत त्याचा फोन. म्हणाला, गेली नाही, मीच काढली होती. म्हणाला, तू तो नवीन गेम आणलास तेव्हा कार्ड भरलेलं होतं, माझं करिअर केवढं तरी मोठं होतं, तुझी सेव्ह बसतच नव्हती. तू तीन दिवस पहिलाच दीड तास परत परत खेळत होतीस. रोज बंद करायचीस आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. मला ते बघवेना.

मला ते तीन दिवस स्वच्छ आठवतात. चौथ्या दिवशी सेव्ह झाली तेव्हा मी त्याला विचारलंही होतं काय केलंस, तर म्हणाला होता सेटिंग बदललं. आणि मग फुटबॉलचा कंटाळा आला म्हणाला. मी इतकी वर्षं तेच खरं धरून चालले होते. पीएस२ मध्ये डिलीटवर गेलं की काही गेम्सच्या त्या चित्राची हालचाल बदलते, माहितीये ना, ते वेगळंच काहीतरी करायला लागतं. त्याने ते बघत बसून "हो" दाबलं असणार. अकरा सीझनचं करिअर होतं, त्यानेच सांगितलं काल.

मग तासभर बोललो. गोलकीपर बाबा का, तर म्हणे त्या टीममध्ये सगळ्यात उंच तोच खेळाडू होता. बाबांना यातलं काहीच माहीत नाहीये, आले की सांगणार आहे.

तर ठरलं ते असं. मावशींची वही सुरू केलीये, २६ गेम्स झालेत लिहून आणि त्यातले १५ निघाले. गेमक्यूब आणि गेमबॉय कलर जाणार. वी राहणार, त्यावर डाउनलोड केलेला एक गेम आहे, रात्रपाळी, तुमच्यामुळे बघितलं. थ्रीडीएसवर बँक आहे पण ट्रान्सपोर्टर आहे का ते मला कळत नाहीये, स्क्रीनचा फोटो टाकते, कुणीतरी सांगा. आणि डीएस लाइट आणि डायमंड कुणाकडून आठवडाभर उसने मिळाले तर हवेत, रूबीतून सहाच पोकेमॉन न्यायचेत, बाकीचे तिथे बरे आहेत.

पीएस२ देतेय. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीची जुळी मुलं आहेत, दहा वर्षांची, आधी विचारलं, दोघंही हो म्हणाली. रविवारी न्यायला येतायत. दादाचं कार्ड काढून घेतलंय, ते माझ्या टेबलाच्या खणात राहील, सोल्डरवाला, त्याची कॉपी कशी घ्यायची तेवढं सांगा. मुलांसाठी दोन जुनी पण चांगली कार्डं मागवलीत. स्लिमला पुढे दोन खाचा आहेत, आमची दुसरी कायम रिकामीच होती, तिच्यात बोटभर धूळ निघाली, ती आत्ता पुसून ठेवलीये.